नारळ द्या, पण कारण लिहून द्या

एडिसन, न्यू जर्सी
डिसेंबर २०२५

प्रति,
सिनेटर चक ग्रासली, सिनेटर डिक डर्बिन
आणि सिनेटच्या न्यायविषयक समितीचे सर्व सदस्य, वॉशिंग्टन

स. न. वि. वि.

मी एका गोदामाच्या पगारखात्यात १९ वर्षं काम करते आहे. एखाद्या फोर्कलिफ्टवाल्याला नारळ दिला की थोड्याच दिवसांत राज्याच्या बेकारभत्ता खात्याकडून आमच्याकडे विचारणा येते. त्या फॉर्मवर एक चौकट असते: नोकरी का संपली? काम नव्हतं म्हणून, माणसाने स्वतः सोडली म्हणून, की काढलं म्हणून? काढलं असेल तर काय घडलं ते लिहा. एकदा आमच्या सुपरवायझरने "नीट जमत नव्हतं" एवढंच लिहून दिलं आणि मीही ते तसंच पुढे पाठवलं. चौथ्या दिवशी खात्यातून फोन. काय जमत नव्हतं? कधीपासून? त्याला आधी सांगितलं होतं का? ताशी २० डॉलर मिळवणाऱ्या माणसासाठी तीन प्रश्न, आणि तिन्ही अगदी रास्त.

१६ जुलै २०२५ रोजी मॅनहॅटनमधल्या फेडरल सरकारी वकील मॉरीन कोमी यांना नारळ मिळाला. जवळजवळ दहा वर्षांची नोकरी. मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोपी जेफ्री एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिच्यावरचा खटला जिंकणाऱ्या पथकात त्या होत्या. त्यांना जे पत्र मिळालं त्यात कारण म्हणून राज्यघटनेच्या दुसऱ्या, म्हणजे अध्यक्षांच्या अधिकारांच्या, अनुच्छेदाचा आणि देशाच्या कायद्यांचा हवाला होता. बस्स, एवढंच. त्यांचे वडील जेम्स कोमी हे एफबीआयचे माजी प्रमुख आणि अध्यक्ष ट्रम्प यांना डोळ्यांसमोर नको असलेले गृहस्थ. हे कारण होतं की नव्हतं, ते पत्रात लिहिलेलं नाही. असा फॉर्म मी भरून पाठवला असता, तर माझ्याच खुर्चीवर गदा आली असती.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते तुमच्याइतकंच आमच्या लोकांनीही वाचायला हवं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एच-वन-बीवरून रात्रीचे बारा वाजेपर्यंत वाद चालतो. पण सरकारी वकिलांचा विषय काढला की "त्यात आपल्याला काय करायचंय?" एवढं एक वाक्य येतं आणि मागोमाग कुणीतरी मोदकांची पाककृती टाकतं.

आपल्याला काय करायचंय, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका गृहस्थांकडे आम्ही पैसे गुंतवले. सुरुवात भिशीपासून झाली, मग प्लॉट आले, मग मोटेल. माणूस आपल्यातलाच. गणपतीत आरतीला पुढे उभा राहणारा, कार्यक्रमाला स्वखर्चाने साउंड सिस्टिम आणणारा. मुलाच्या कॉलेजसाठी साठवलेलं सगळं गेलं. फसलेली घरं बरीच होती, पण निम्म्या लोकांनी लाजेपोटी तोंड उघडलं नाही. मी उघडलं, कारण हिशेबाच्या माणसाला कागद जपायची खोड असते. एका बुटांच्या खोक्यात माझ्याकडे सगळे वटलेले चेक होते, आलेल्या पत्रांच्या पाकिटांसकट.

नेवार्कच्या फेडरल कोर्टातला आमचा सरकारी वकील माझ्या भाच्याएवढा होता. माझं आडनाव तीनदा चुकल्यावर त्याने ते पिवळ्या पॅडवर फोड करून लिहून घेतलं आणि पुढे खटला संपेपर्यंत एकदाही चुकला नाही. त्याला चेकपेक्षा पाकिटांत जास्त रस. पोस्टाचे शिक्के, तारखा, कुठल्या गावातून टाकलं, हे सगळं तो एकेक करून टिपत होता. टपालातून केलेली फसवणूक हा वेगळा फेडरल गुन्हा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्या गृहस्थांच्या ऑफिसात पुढाऱ्यांबरोबरचे फोटो टांगलेले असायचे आणि त्यांतल्या एकाची प्रत पुराव्याच्या गठ्ठ्यात होती. मी भीत भीत विचारलं, "यांची ओळख फार वरपर्यंत आहे. तुम्हाला काही त्रास तर नाही ना होणार?" त्याने फोटो हातात घेतला, पाहिला, "फ्रेम चांगली आहे," म्हणाला आणि पुढचं पाकीट मागितलं.

तो कुठल्या पक्षाला मत देतो, हे मला आजतागायत माहीत नाही. विचारावंसंही वाटलं नाही. आज त्याच्या जागी जो कुणी बसला असेल, तो त्या फोटोकडे किती वेळ बघत राहील, ही माझी काळजी आहे.

इकडच्या व्यवस्थेची माहिती नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. देशात ९४ फेडरल जिल्हे आहेत आणि ९३ यूएस ॲटर्नी, म्हणजे त्या त्या जिल्ह्याचे मुख्य फेडरल सरकारी वकील. त्यांना अध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते आणि अध्यक्षाची मर्जी असेपर्यंत ते खुर्चीवर राहतात. नवा अध्यक्ष आला की जुने जातात. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये तेच केलं, बायडन यांनी २०२१ मध्ये दोन-तीन अपवाद सोडून तेच केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या ९३ जणांच्या हाताखाली मात्र हजारो सहायक वकील असतात. ते कुठल्याच अध्यक्षाचे नसतात. सरकारं बदलतात आणि हे आपले त्याच टेबलावर त्याच फायली उपसत बसलेले असतात. मॉरीन कोमी त्यांतल्या. माझा पिवळ्या पॅडवाला पोरगाही त्यांतलाच.

एक कबुलीही देऊन टाकते. मार्च २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ४६ यूएस ॲटर्नींचे राजीनामे मागितले. मॅनहॅटनचे प्रीत भरारा यांनी तो दिला नाही, म्हणून त्यांना काढून टाकलं. त्या दिवशी आमच्यातले पुष्कळ जण खूश झाले. डिसेंबर २०१३ मध्ये भारताच्या राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि त्यांची जी झडती घेतली गेली, त्याचा राग मनात होता. तो खटला भरारांच्या कार्यालयाचा. मीही त्या दिवशी "बरी जिरली" म्हणाले होते. आपल्याला न आवडणारा वकील गेला, एवढंच तेव्हा दिसलं. तो का गेला, हा प्रश्न डोक्यातही आला नाही. तेव्हा तुम्हाला जाब विचारण्याआधी मी स्वतःलाही विचारला आहे.

आता २००७ कडे वळते, कारण माझ्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे आहे आणि तुमच्यापैकी काही जण तेव्हाही याच समितीवर होते.

७ डिसेंबर २००६ रोजी अध्यक्ष बुश यांच्या न्याय खात्याने एकाच दिवशी सात यूएस ॲटर्नींना फोन करून जायला सांगितलं. सगळे बुश यांनीच नेमलेले. कारण विचारलं तर सांगण्यात आलं, कामगिरी. सान डिएगोच्या कॅरल लॅम यांनी सत्ताधारी पक्षाचे खासदार ड्यूक कनिंगहॅम यांना २४ लाख डॉलरच्या लाचखोरीत ८ वर्षं ४ महिन्यांसाठी तुरुंगात पाठवलं होतं. बहुधा तीच कामगिरी! न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस यांनी नंतर शपथेवर जे सांगितलं, ते मी विसरू शकत नाही. निवडणुकीला दोनेक आठवडे असताना सिनेटर पीट डोमेनिची यांचा त्यांच्या घरी फोन आला. विरोधी पक्षातल्या एका नेत्याच्या भ्रष्टाचाराची चौकशी चालू होती. नोव्हेंबरच्या आत आरोपपत्र येईल का, असं सिनेटरनी विचारलं. वाटत नाही, असं इग्लेसियस म्हणाले. "हे ऐकून फार वाईट वाटलं," असं उत्तर आलं आणि फोन बंद झाला. सहा आठवड्यांनी नोकरी गेली. आपण दबाव आणला नाही, असं डोमेनिची अखेरपर्यंत म्हणत राहिले; सिनेटच्या नीतिसमितीने २००८ मध्ये त्यांना समज दिली.

१९ एप्रिल २००७ ला ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, अल्बर्टो गोन्झालेस तुमच्यासमोर साक्षीला बसले. त्याआधी दोनच वर्षं मी नागरिकत्वाची शपथ घेतली होती आणि नव्या नवलाईने असलं सगळं टीव्हीवर बघत होते. "आठवत नाही" हे उत्तर त्या दिवशी साठहून अधिक वेळा आलं. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. तो वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारून मोजत बसला आणि चाळिसाच्या आसपास कंटाळून खेळायला गेला. पण मला त्या दिवसाचं आणखी एक आठवतं. ओक्लाहोमाचे टॉम कोबर्न, अध्यक्षांच्याच पक्षाचे सिनेटर, यांनी गोन्झालेस यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही राजीनामा द्या. ऑगस्टमध्ये गोन्झालेस यांनी तो जाहीर केला. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी चौकशी करून २००८ मध्ये अहवाल दिला की या बडतर्फ्यांची पद्धतच मुळात सदोष होती आणि काहींमध्ये राजकारण शिरलं होतं. गुन्हा मात्र कुणावर दाखल झाला नाही, २०१० मध्ये ते प्रकरण बंद झालं. तेही नोंदवून ठेवते.

त्या साऱ्यातून हाती एक गोष्ट लागली. मार्च २००६ मध्ये पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याच्या नूतनीकरणात एक छोटं कलम आत सरकवलं गेलं होतं: हंगामी यूएस ॲटर्नी सिनेटला न विचारता कितीही काळ ठेवता येईल. समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनाही ते उशिरा कळलं. मार्च २००७ मध्ये सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी ते काढून टाकलं आणि जूनमध्ये स्वतः बुश यांनी त्यावर सही केली. जुना नियम परत आला: हंगामी माणूस १२० दिवस. त्यानंतर सिनेटने मंजूर केलेला कुणी नसेल तर जिल्ह्याचे न्यायाधीश नेमतील.

हे दार तुमच्या सभागृहाने बंद केलं होतं. आता २०२५ मध्ये त्याचं काय झालं?

माझी पहिली तक्रार माझ्याच राज्याची. मार्चमध्ये अध्यक्षांनी त्यांच्या एके काळच्या खासगी वकील अलिना हब्बा यांना न्यू जर्सीच्या हंगामी यूएस ॲटर्नी केलं. सरकारी वकिलीचा अनुभव शून्य. १२० दिवस संपत आले, सिनेटची मंजुरी नाही. २२ जुलैला आमच्या जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी कायद्यात लिहिलंय तसं केलं आणि त्याच कार्यालयातल्या अनुभवी वकील डेझिरे ली ग्रेस यांना नेमलं. त्याच दिवशी ॲटर्नी जनरल पाम बाँडी यांनी ग्रेस यांना काढून टाकलं. मग हब्बा यांचं नाव सिनेटकडून मागे घेतलं, त्यांनी हंगामी पदाचा राजीनामा दिला, त्यांना "विशेष वकील" म्हणून नेमलं, वर "पहिल्या सहायक" केलं आणि पहिल्या सहायक म्हणून कार्यवाहक प्रमुख. ही साखळी मी तीनदा वाचली तेव्हा कुठे डोक्यात शिरली. पगारखात्यात याला आम्ही एका माणसाला दोन कार्डं पंच करणं म्हणतो. २१ ऑगस्टला न्यायाधीश मॅथ्यू ब्रॅन यांनी ही नेमणूक बेकायदा ठरवली, १ डिसेंबरला अपील कोर्टाच्या तिन्ही न्यायाधीशांनी तेच म्हटलं आणि ८ डिसेंबरला हब्बा यांनी पद सोडलं. त्यानंतर त्यांच्या एका खुर्चीवर तिघांना मिळून बसवलं. ग्रेस यांचं काय चुकलं होतं? चौकट रिकामी.

दुसरी तक्रार व्हर्जिनियाची, आणि ती जास्त गंभीर आहे. पूर्व व्हर्जिनियाचे यूएस ॲटर्नी एरिक सायबर्ट हे ट्रम्प यांचेच उमेदवार. ट्रम्प यांच्यावर दावा लावणाऱ्या, न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा त्यांना दिसत नाही, अशा बातम्या येत होत्या. १९ सप्टेंबरला अध्यक्ष म्हणाले, मला तो माणूस जायला हवा आहे. कारणही दिलं, आणि ते तुमच्या समितीने कान देऊन ऐकायला हवं: व्हर्जिनियाच्या दोन्ही डेमोक्रॅट सिनेटरांनी त्याला पाठिंबा दिला, म्हणजे तो चांगला असूच शकत नाही! ज्या पाठिंब्याशिवाय तुमच्या समितीत पान हलत नाही, तोच पाठिंबा इथे अपात्रता ठरला. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी समाजमाध्यमावर ॲटर्नी जनरलना उघड उघड सांगितलं की जेम्स, कोमी वगैरेंवर कारवाई करा, उशीर नको. २२ तारखेला लिंडसी हॅलिगन यांनी शपथ घेतली. विमाक्षेत्रातल्या वकील, फौजदारी खटला आयुष्यात चालवलेला नाही. २५ तारखेला जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र, पुढच्या महिन्यात लेटिशिया जेम्स यांच्यावर.

२४ नोव्हेंबरला न्यायाधीश कॅमरॉन करी यांनी कोमी आणि जेम्स दोघांवरची आरोपपत्रं रद्द केली. त्यांचा आधार कोणता? तुमचाच नियम. हंगामी नेमणुकीचे १२० दिवस सायबर्ट यांच्याच वेळी संपले होते. त्यानंतर नेमायचा अधिकार न्यायाधीशांचा, ॲटर्नी जनरलचा नव्हे. नेवाडा आणि लॉस एंजेलिसमधल्या नेमणुकाही अशाच पद्धतीने न्यायालयात अडकल्या. म्हणजे २००७ चा कायदा जिवंत आहे. पण त्याची राखण एकट्या न्यायाधीशांनी करायची आणि ज्यांनी तो केला त्यांनी बघत बसायचं, असं चाललं आहे.

तिसरी तक्रार खालच्या माणसांसाठी. २७ जानेवारीला, ट्रम्प यांच्यावर फेडरल खटले भरणारे जॅक स्मिथ यांच्या पथकात काम केलेल्या डझनाहून अधिक वकिलांना काढलं. त्यांना निदान कारण लिहून मिळालं: अध्यक्षांचा कार्यक्रम तुम्ही निष्ठेने राबवाल असा भरवसा वाटत नाही. ते वाचून मला वाटलं, रिकामी चौकट परवडली. वरच्यांनी वाटून दिलेली फाइल ज्याने इमानाने चालवली, त्याला त्या फाइलसाठीच घरी पाठवायचं? मग उद्या कुठली फाइल उचलायची आणि कुठली कपाटाच्या तळाशी ढकलायची, हे बाकीचे आपोआप शिकतील. कुणाला फोनही करावा लागणार नाही.

चौथी तक्रार तुमच्याबद्दल. ७ ऑक्टोबरला पाम बाँडी तुमच्यासमोर आल्या होत्या. मी सुट्टी काढून ते सगळं पाहिलं. त्या दिवशी मी एका टॉम कोबर्नची वाट पाहत होते. कुणी उठलं नाही. शेल्डन व्हाइटहाउस हे स्वतः ऱ्होड आयलंडचे यूएस ॲटर्नी राहिले आहेत. असा फोन आल्यावर पोटात काय होतं हे त्यांना तरी सांगायला नको. पण हा एका पक्षाचा विषय राहिला तर त्याला कुणी विचारत नाही, हे २००७ साली तुम्हीच दाखवून दिलंत.

सिनेटर ग्रासली, तुमचं एक श्रेयही मान्य करायला हवं. ब्लू स्लिप, म्हणजे त्या राज्याच्या सिनेटरांची संमतीची निळी चिठ्ठी, मोडीत काढा असा दबाव अध्यक्षांनी उन्हाळ्यात तुमच्यावर उघडपणे आणला. तुम्ही ती मोडली नाहीत. तेव्हा "नाही" म्हणणं तुम्हाला जमतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र.

मागण्या साध्या आहेत. यूएस ॲटर्नी असो की सहायक, ज्याला काढाल त्याला आणि तुमच्या समितीला ३० दिवसांत कारण लेखी मिळायला हवं, असा कायदा करा. काढण्याचा अध्यक्षांचा अधिकार त्याने कमी होत नाही. फक्त चौकट भरावी लागेल, आमच्यासारखी.

१२० दिवस एका रिकाम्या जागेला एकदाच मिळतील, हे कायद्यात शेंबड्या पोरालाही कळेल अशा शब्दांत लिहा. न्यायाधीशांनी नेमलेल्याला ॲटर्नी जनरलने त्याच दिवशी हाकलायचं आणि "विशेष वकील" नावाच्या खिडकीतून आपला माणूस आत घ्यायचा, ही पळवाट बुजवा.

ग्रेस, सायबर्ट आणि मॉरीन कोमी या तिघांच्या जाण्यावर खुली सुनावणी घ्या, शपथेवर, आणि महानिरीक्षकांकडून २००८ सारखी चौकशी मागा. अहवाल कुणाच्याही बाजूने लागो.

आणि चालू खटल्याबद्दल व्हाइट हाउसमधून किंवा काँग्रेसमधून सरकारी वकिलांना येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद ठेवायला लावा. काँग्रेसमधून म्हणजे तुमच्याकडूनही. डोमेनिची तुमच्यातलेच होते.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या, दिवस वाईट आहेत, नाव कशाला घालतेस? इथे घातलेलं नाही. इंग्रजी प्रतीवर मात्र पूर्ण नाव, पत्ता आणि सही आहे, आणि ती डर्कसन इमारतीतल्या २२४ क्रमांकाच्या खोलीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने टाकली आहे. तुमच्याकडे येणारं टपाल २००१ पासून किरणं मारून तपासतात, त्यामुळे पोचायला वेळ लागतो, असं पोस्टातल्या मुलीने सांगितलं. मला घाई नाही. पावती बुटांच्या त्याच खोक्यात ठेवली आहे.

आपली,
एका गोदामाच्या पगारखात्यातली मतदार